काही नाही

माझ्या कामाचा नियम एका ओळीचा:
बोललं जाईल तेवढंच पलीकडे न्यायचं.
आपल्या पदरचं घालायचं नाही,
समोरच्याचं गाळायचं नाही.

क्लांगची फॅक्टरी. कँटीनमागची खोली.
टेबलावर नोराइनीबाईंचा छापील फॉर्म,
समोर भोजपूरचा हर्कमान राई, वय सव्वीस,
काम: तापल्या साच्यांवरून रबरी हातमोजे सोलून काढणे.
बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

प्रश्न सातवा.
या नोकरीसाठी कुणाला किती पैसे दिले?

"काही नाही."

मी सांगितलं, काही नाही.
बाईंनी लिहिलं, काही नाही.
सकाळपासूनचा हा तेविसावा.
तेवीस माणसं, एकच उत्तर, एकाच सुरात,
शेवटच्या अक्षरावर मान तेवढीच खाली.

हा सूर मला पाठ आहे.
काठमांडूत गौशाला चौकाजवळच्या लॉजमध्ये,
विमानाच्या आदल्या रात्री,
ज्याला सगळे मामा म्हणतात तो मोबाइल उभा धरतो.
घाम पूस. हसून बोल. परत एकदा.
अकरा वर्षांपूर्वी मला चारदा बोलायला लावलं होतं.
चौथ्या वेळी मलाही ते खरं वाटलं.

आता याचं भाषांतर कसं करायचं?
शब्दाला शब्द ठेवला, तर मी खोटं बोलले.
खरं सांगितलं, तर नियम मोडला.
पंख्याखाली फॉर्मचा कोपरा फडफडत राहिला.

नोराइनीबाईंनी पेनाला टोपण लावलं.
"त्याला विचार,
निघालास तेव्हा घरात काय होतं, जे आता नाही?"

हा प्रश्न मामाने पढवलेला नव्हता.

हर्कमान टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला.
मग म्हणाला, म्हैस.
मग, ओढ्यावरचं मक्याचं रान, वरचा तुकडा.
मग, बायकोची तिलहरी. सोन्याची होती.
आता नुसती पोत घालते, हिरव्या मण्यांची.
बाकीचे सावकाराकडून.
शेकडा तीन. वर्षाला नाही, महिन्याला.

"म्हशीचं नाव?"
हे फॉर्मात नव्हतं. बाईंनीही विचारलं नव्हतं.
मी विचारलं.
"ताराकली."

बाई मला रागावल्या नाहीत.
सातव्या उत्तरावर काट मारून समासात लिहू लागल्या.
समास पुरला नाही, पान उलटलं.
मग म्हणाल्या, आधीचे बावीस परत बोलव.

पुढच्या साली पैसे परत आले.
सहा हप्त्यांत, पगाराच्या पावतीवर वेगळ्या रकान्यात.
कुणाला पाझर फुटला म्हणून नव्हे;
दूरच्या कुठल्याशा बंदरात माल अडला होता, असं म्हणतात.

हर्कमान पावती घेऊन आला.
रकान्याचं नाव वाचून दे म्हणाला.
"परतफेड."
"मुद्दलाची?"
"मुद्दलाची."
दारातच उभा राहून तो ओठ हलवत हिशेब करत होता.
"ताराकली सावकाराच्या गोठ्यात दोनदा व्याली," म्हणाला.
"ती रेडकं कुठल्या रकान्यात?"

मी पावती उलटीपालटी करून पाहिली.
मागची बाजू कोरी होती.

काल नवी तुकडी उतरली.
कंपनी म्हणते, आता सगळं फुकट:
तिकीट, व्हिसा, डॉक्टरी तपासणी.
गेटवर तसा फलक लावलाय, चार भाषांत.
नेपाळी ओळ माझ्याच हातची.

एक पोरगा आत आला, मिसरूडही धड फुटलेलं नाही,
खुर्चीच्या अगदी काठावर टेकला.
मी अजून त्याचं नाव विचारत होते.

"काही नाही," तो म्हणाला.